सगुण मास्तरांचं नवं गाणं

सगुण मास्तर गेल्याचं मला आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींकडून कळलं. फोनवर त्यांनी आधी हळहळ व्यक्त केली आणि मग कामाचं बोलले. "रविवारी शोकसभा ठेवलीय. तुम्ही दहा मिनिटं बोला. 'जुन्या सुरांचा राखणदार' असं फलकावर लिहायचं ठरलंय. तुमचेच शब्द ना ते?"

होय, माझेच. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी ते एका कार्यक्रमात उच्चारले, मग एका लेखात लिहिले, आणि ते मास्तरांना असे चिकटले की त्यांच्या निधनाची बातमीही त्याच शब्दांखाली छापून आली. मी सेक्रेटरींना हो म्हटलं आणि शनिवारी ताप आल्याचा निरोप पाठवला. ताप नव्हता. त्या सभेत उभं राहून ते शब्द पुन्हा उच्चारायची माझी छाती नव्हती. ते खोटे आहेत असं सगळ्यांसमोर सांगायचीही नव्हती. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मास्तर हळर्णचे. डिचोलीत मी ज्या शाळेत मराठी शिकवत होते, तिथे स्नेहसंमेलनाची गाणी बसवायला ते दर वर्षी यायचे. दोन गाड्या बदलून. उंच, किडकिडीत, धोतर कधी नाही, कायम पांढरी विजार आणि वर सदरा. खांद्यावर पेटी, ती बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. आल्याआल्या तांब्याभर पाणी मागायचे, पण प्यायला नव्हे. व्हरांड्याच्या कडेला उकिडवे बसून दहाही बोटं एकेक करून धुवायचे, रुमालानं एकेक करून पुसायचे आणि मगच पेटीची गाठ सोडायचे. आमच्या शिपायानं एकदा थट्टेनं विचारलं, "मास्तर, सोवळं की काय?"

"सोवळें न्हय रे," मास्तर म्हणाले. "गाडयेचो दांडो धरून आयलां. अर्द्या गांवाचो घाम आसा ह्या हातांक."

त्यांच्या कानाला विसावा नसे. शाळेची घंटा, विहिरीवरचा पंप, नाक्यावरची पिठाची गिरण, सगळ्यांची पट्टी त्यांना ठाऊक होती. गप्पा मारता मारता मध्येच थांबून म्हणायचे, "आयज गिरण उतरल्या. पट्टो सैल जाला आसतलो." आणि दुसऱ्या दिवशी गिरणवाला खरोखरच पट्टा बदलताना दिसायचा.

गळ्यांना ते भाज्यांची नावं देत. कुणी कोवळं तवसं, कुणी नीरफणस, कुणी नुसतीच पालेभाजी, पाण्यात घातली की विरघळणारी. पण हे सांगताना कुणाला हिणवत नसत. नववीत एक मुलगी होती, घोगऱ्या, जाड्या आवाजाची. तिला आम्ही शिक्षिका कधी गाण्यात घेत नसू. पडदा ओढायला ठेवत असू. मास्तरांनी तिला पुढे बोलावलं, सा लावायला सांगितला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तूं कारांदो, रानांतलो कंद. भाजल्याबगर चव येना. भियूं नाका, गायत राव."

तिच्या गळ्यात नीट बसतील असे चार-पाचच सूर होते. मास्तरांनी त्या दुपारी तेवढ्याच सुरांत एक नवी चाल बांधली. मी म्हटलं, "मास्तर, एवढा खटाटोप कशाला? एखादं प्रसिद्ध गाणं देऊन टाकू."

"प्रसिद्ध गाण्याची चाल म्हणल्यार दुसऱ्याच्या मापाचो सदरो," ते म्हणाले. "ह्या चेडवाक तिच्या मापाचो शिंवया मगो."

त्या वर्षी संमेलनात तिचंच गाणं लोकांनी पुन्हा मागून घेतलं. ती आज कुठे आहे मला माहीत नाही. पण पडदा ओढायला तिला मी ठेवलं होतं, हे माझ्या लक्षात आहे.

नवी चाल बांधायचं मास्तरांना व्यसनच होतं. आमच्याकडे जत्रेला मराठी नाटक लागतंच, आणि पेडणे महालातल्या पाच-सहा गावांची नाटकं मास्तर बसवायचे. दर वर्षी त्यातल्या एखाद्या पदाला ते गुपचूप नवी चाल लावत. एकदा इब्रामपूरला मी नाटक बघायला गेले होते. नायकानं पद सुरू केलं आणि पुढच्या रांगेतले एक म्हातारे काका उठून उभेच राहिले. "मास्तर, आमची चाल खंय गेली रे?"

विंगेत पेटीवर बसलेल्या मास्तरांनी वाजवता वाजवताच उत्तर दिलं, "खंय वचूंक ना, काका! आयज तिका सुटी दिल्या!"

सगळा मांडव हसला. काका खाली बसले. मास्तरांनी नवी चाल पुरी केली आणि लगेच तेच पद जुन्या चालीवरही वाजवलं, काकांसाठी. लोकांनी अडवलं, हाकाटी केली, तर मास्तरांना त्याचं वाईट वाटत नसे. समोर बसलेल्या माणसाला बोलायचा हक्क आहे असं ते मानत. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे घडलं त्यात मास्तर कोत्या मनाचे होते असं कुणाला वाटू नये.

नव्वदच्या सुमाराला आमच्या भागात आठवणींच्या कार्यक्रमांची लाट आली. आमच्या मंडळानंही ते सुरू केले. कार्यक्रमाचं नाव दर वर्षी बदले, पण त्यात 'स्मृती' किंवा 'आठवण' यांपैकी एक शब्द हवाच. रंगमंचावर कंदील, बैलगाडीचं चाक, पुठ्ठ्याचा भला मोठा ग्रामोफोन. जुनी भावगीतं, जुनी नाट्यपदं. निवेदन माझं. माझा आवाज बरा होता, भाषा बरी होती, आणि लोकांना रडवायचं कसं ते मला चटकन समजलं. "आठवतंय ना, दिवेलागणीला आपण सगळे अंगणात बसून रेडिओ ऐकायचो..." एवढं म्हणून मी जरा थांबले की रुमाल बाहेर यायचे. आमच्या घरी रेडिओ नव्हता. शेजारी होता, आणि आम्ही कुंपणाशी येऊन उभे राहिलो की ते खिडकी लावून घेत. पण हे मी कधी रंगमंचावर सांगितलं नाही. श्रोत्यांतही निम्म्यांच्या घरी रेडिओ नसणार. तरी आम्ही सगळे मिळून त्या अंगणासाठी रडायचो.

पेटीला अर्थातच मास्तर. ते सुरेख साथ करत, एकही सूर इकडचा तिकडे नाही. पण एकदा चहा पिताना ते मला म्हणाले, "तुमी रडटात तें गाण्याक न्हय गो बाय, आपल्या ल्हानपणाक रडटात. रडात. पूण ल्हानपण माका वाजोवंक येना."

मी हसून विचारलं, "तुम्हाला नाही आठवत जुने दिवस?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत झोपडं बांधून राहणारे मुंडकार. गावात पेटी एकच, भाटकाराच्या घरी. "ती पेटी माथ्यार घेवन देवळांत व्हरपी हांव. आनी तिका बोट लायल्यार मार खावपीय हांवच." हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "पोर्तुगेज गेले, भाटकारशाय ढिली जाली, तेन्ना हांवें ही म्हजी पेटी हाडली. वीस वर्सांचो घोडो जाल्लों, तेन्ना सा-रे-ग शिकलों. आतां तूं सांग, खंयचो काळ बरो म्हणूं हांव?"

मी मान हलवली. पुढे वर्तमानपत्रात त्यांच्यावर लेख लिहिला तेव्हा यातलं एक अक्षर घातलं नाही. कंदिलाच्या उजेडात पेटी शिकणारा एक मुलगा रंगवला. लेख लोकांना फार आवडला.

त्यांची मुलगी सुमन, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायच्या कामाला होती. त्यांच्या गावातून, आसपासच्या वाड्यांतून अशा बऱ्याच मुली सकाळच्या गाडीनं जायच्या. मास्तरही कुठे शिकवायला जाताना त्याच गाडीत असत. एका रविवारी सकाळी ते काही न कळवता माझ्या घरी आले. हात धुतले, पेटी उघडली आणि म्हणाले, "बाय, एक नवें आसा. पयलीं तुकाच आयकयतां."

ते गाणं त्या मुलींचं होतं.

सातची गाडी वळणावर आली, वेणी राहिली अर्धी गो,
डबा घेतला, चपला घातल्या, चहा राहिला अर्धा गो...

चाल अगदी साधी, पण तिच्यात गाडीचा धक्का होता, पळत येणारी पावलं होती. कडव्याकडव्यातून गाडी पुढे जाते, गर्दी होते, कुणी कुणाची ओढणी ओढतं, कुणाचं लग्न ठरल्याची कुजबुज होते. आणि शेवटी ती मुलगी म्हणते, 'खिडकीकडची जागा मिळाली, पंधरा मिनिटं माझी गो.' त्या 'माझी'वर मास्तरांनी असा एक सूर ठेवला होता की माझ्या अंगावर काटा आला. सकाळी पाचला उठून घरचं सगळं उरकून दिवसभर मान मोडून काम करणाऱ्या मुलीची ती पंधरा मिनिटं. मी स्वतः नोकरी करणारी बाई. मला ते समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही. तेच तर सलतं.

"मास्तर, कारापूरच्या कार्यक्रमात हे शेवटी घ्यायचं," मी म्हटलं. "मी स्वतः सांगेन लोकांना, कसं झालं हे गाणं ते."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पेटी गुंडाळताना दोनदा गाठ मारली आणि दोनदा सोडली. एवढा आनंद झालेला माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

कारापूरचा कार्यक्रम संध्याकाळी होता. मैदान भरलेलं. तिसऱ्या रांगेत सुमन आणि तिच्या सात-आठ मैत्रिणी बसल्या होत्या. पाळ्या बदलून घेऊन, एवढ्या लांब, आपलं गाणं ऐकायला. नवे कपडे, डोक्यात अबोलीचे वळेसर. मास्तरांनी मला त्या दाखवल्या. "सगलीं आयलींत," ते म्हणाले.

आधी मास्तरांचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह म्हणून पितळी ग्रामोफोन. मास्तरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या कानाशी विचारलं, "हें म्हज्या घरांत कितें करूं गो?" मी हसून माईक हातात घेतला आणि म्हटलं, "हे आहेत आपले सगुण मास्तर. जुन्या सुरांचे राखणदार!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ते शब्द मला तिथेच, त्या क्षणी सुचले होते आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

शेवटचं गाणं आलं. मी कबूल केल्याप्रमाणे प्रस्तावना करायला हवी होती. पण पाहुण्यांची भाषणं लांबली होती, आणि मंडप ज्यांनी दिला होता त्या गृहस्थांनी चिठ्ठी पाठवली होती, आईच्या आवडीचं अमुक जुनं पद शेवटी हवं म्हणून. मी मास्तरांना काही सांगितलं नाही. प्रस्तावनाही केली नाही. मास्तरांनी आपलं वाजवायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी झाल्या. गायक तरुण होता, बरा म्हणत होता. मागून चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "जुनें म्हणात!" दोघातिघांनी साथ दिली. चिठ्ठीवाले गृहस्थ माझ्याकडे बघत होते.

मी पुढे झाले, माईक घेतला आणि हसत म्हणाले, "मास्तर, ही सातची गाडी चुकली तरी चालेल हं! आम्हांला सगळ्यांना मागच्या गाडीनं जायचंय!"

मैदान हसून लोटपोट झालं. पेटी थांबली.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा माणूस समोरच्याचा चेहरा नीट ओळखून घेतो तसं पाहिलं. मग खाली मान घालून त्यांनी ते जुनं पद सुरू केलं. असं वाजवलं की चिठ्ठीवाल्यांच्या आई हुंदके देऊन रडल्या. लोक उभे राहिले. तिसऱ्या रांगेतल्या मुली बसून राहिल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि उठून गेल्याही नाहीत. हात मांडीवर ठेवून कार्यक्रम संपेपर्यंत तशाच बसल्या.

नंतर मागे मास्तर पेटी गुंडाळत होते. मी म्हटलं, "मास्तर, वेळ अगदीच कमी होता हो."

"वेळ नासलो तर सांगपाचें आशिल्लें," ते शांतपणे म्हणाले. "हांव पेटी उगडपाचो नासलों. पूण हांसयलें कित्याक, बाय? चेडवां बसलीं आशिल्लीं थंय."

मी म्हणाले, "गंमत केली मी."

त्यांनी मान डोलावली, पेटी खांद्याला लावली आणि निघाले. ग्रामोफोन टेबलावरच राहिला. सेक्रेटरी म्हणाले, मास्तर विसरले, पोचता करा. मी तो घरी आणला आणि कपाटाच्या वर ठेवून दिला.

त्यानंतर मास्तर आमच्या शाळेत आले नाहीत. निरोप आला, वेळ नाही. आमच्या कार्यक्रमांतही आले नाहीत. मी तो लेख लिहिला तो यानंतरच. मनात आलं होतं की छापून आलेलं कौतुक वाचून त्यांचं मन निवळेल. लेखाचं कात्रण मी टपालानं पाठवलं. उत्तर आलं नाही. माफीचं पत्र मात्र मी कधी लिहिलं नाही. बऱ्याचदा लिहायला बसले. 'आदरणीय मास्तर' लिहून झालं की पुढे जे वाक्य यायचं ते निवेदनासारखंच वाटायचं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते चार-पाच वर्षांपूर्वी, डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात. सुमन बरोबर होती, आता तीही चाळिशीपलीकडची, चष्मा लागलेला. ती मडक्यांच्या ढिगापाशी मडकं वाजवून पाहत होती. मास्तर खूप वाकले होते. मी वळून निघून जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली.

"बरें आसा मगो, बाय?"

"बरं आहे, मास्तर. तुम्ही?"

"बरो आसां. बोटां आतां मात्शीं कडक जाल्यांत. पूण चेडवांक शिकयतां." मग सहज सांगावं तसं म्हणाले, "तें गाणें कंपनींत खंडेनवमीक म्हणटात. दर वर्सा. आतां नवीं चेडवां आयल्यांत, तांकां वेणी खबर ना, केंस कातरतात. देखून कडवें बदललें हांवें. आनीक चार गाणीं बांदल्यांत."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी मला. 'ऐकायला येऊ का' एवढं म्हणायचं होतं. 'माझं चुकलं' म्हणायचं होतं. माझं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "मास्तर, पुढच्या महिन्यात आमचा कार्यक्रम आहे. तुम्ही याल का? नुसते बसा रंगमंचावर. लोकांना फार बरं वाटेल."

सुमननं मडक्याचे पैसे देऊन ते कडेवर घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, चल."

मास्तर मात्र हसले. "माका वेळ ना गो बाय," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं, त्यात टोमणा नव्हता.

रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग चालू होती. ओलांडायला जागा मिळत नव्हती. मास्तर कडेला क्षणभर थांबले आणि मग त्यांनी सरळ हात वर केला. पुढचा ट्रक करकचून थांबला, त्याच्यामागचे सगळे थांबले. वाकलेले मास्तर, त्यांच्या बाजूला मडकं कडेवर घेतलेली सुमन, दोघं जराही घाई न करता पलीकडे गेली. मग ट्रक पुन्हा सुरू झाले. मी अलीकडेच उभी राहिले, बराच वेळ. तांबडी धूळ एवढी उडाली होती की पलीकडचं काही दिसेना.